स्ट्रटच्या डोक्यावरचा नट

अलाइनमेंटवर लिहायचं कबूल केलं होतं, ते पुढच्या आठवड्यावर ढकलतो. सांगलीच्या एका वाचकाचं पत्र आलंय आणि त्याला उत्तर आधी द्यायला हवं. त्यांच्या गाडीची पुढची डावी स्प्रिंग तुटली. गॅरेजवाल्यानं गाडी चाकांवर उभी असतानाच स्प्रिंगचे वेढे बाइंडिंग वायरनं आवळले, मग जॅक लावून अख्खा स्ट्रट बाहेर काढला. तासाभरात काम उरकलं, मजुरीही निम्मी. 'उजवी स्प्रिंग मी घरीच बदलू का?' असं ते विचारतात.

तारेच्या भरवशावर अजिबात बदलू नका.

आपल्याकडे ही पद्धत रुजली कशी, हे मला बरीच वर्षं पडलेलं कोडं होतं. त्याचं मूळ पाट्यांमध्ये, म्हणजे लीफ स्प्रिंगांमध्ये असावं, असं आता वाटतं. जुन्या मेस्त्रींचा हात पाट्यांवर बसला. अ‍ॅम्बॅसॅडर घ्या, पद्मिनी घ्या, मागे पाटेच. गाडी उचलली, चाक लोंबकळलं, की पाट्यावरचा भार बहुतेक उतरतो. १९८३ साली मारुती ८०० आली आणि तिच्याबरोबर मॅकफर्सन स्ट्रट घरोघरी पोचला. अर्ल मॅकफर्सन हा अमेरिकन इंजिनियर. जनरल मोटर्समध्ये तो ज्या छोट्या गाडीवर काम करत होता ती बारगळली, तेव्हा तो फोर्डमध्ये गेला. त्याची ही रचना १९५१च्या सुमारास इंग्लंडमधल्या फोर्ड कॉन्सल आणि झेफिर या गाड्यांमुळे नावारूपाला आली. शॉकअप आणि स्प्रिंग एकाच दांड्यावर, कमी जागेत, कमी भागांत. मला ही रचना फार आवडते. पण तिच्यात चाक हवेत लोंबकळत असलं तरी स्प्रिंग दाबलेलीच राहते. पाट्याची सवय नेमकी इथे दगा देते.

बॉनेट उघडून बघा. बऱ्याच छोट्या गाड्यांत दोन्ही बाजूंना, स्ट्रटच्या डोक्यावर, कडेला दोन-तीन नट आणि मधोमध एक नट दिसतो. कडेचे नट स्ट्रटला बॉडीशी धरून ठेवतात. मधला नट स्प्रिंगला धरून ठेवतो. दिसायला सगळे सारखेच, पाना सगळ्यांना लागतो.

दाबलेल्या स्प्रिंगवरचा मधला नट सोडला तर काय होईल, याचा ढोबळ हिशेब करू. स्प्रिंग एक मिलिमीटर दाबायला २ किलोचा भार लागतो असं धरा. ती १५० मिलिमीटर दाबली, तर आत ३०० किलोचा जोर अडकला. स्प्रिंगचं वजन अडीच किलो धरलं आणि सगळी शक्ती तिच्याच उडण्यात गेली, तर ती ताशी ४८ किलोमीटर वेगानं निघेल. सरळ वर गेली तर तीन मजली घराच्या गच्चीपर्यंत.

कोल्हापुरातल्या एका गॅरेजात मी हे पाहिलंय. हेल्परनं स्ट्रट दोन पायांत धरला आणि मधला नट फिरवला. शेवटच्या आट्यावर फाटकन आवाज झाला. वरचं माउंट छपराच्या सिमेंटच्या पत्र्यातून आरपार गेलं. त्या क्षणी पोरगा पाना बदलायला बाजूला झुकला होता, म्हणून वाचला. नंतर कितीतरी दिवस त्या भोकातून उन्हाचा एक कवडसा बरोबर त्याच्या बसायच्या जागेवर पडायचा.

तारेचा खरा धोका सोडताना असतो. स्प्रिंग दाबायच्या अवजाराच्या, म्हणजे स्प्रिंग कॉम्प्रेसरच्या लांब आट्यांवरून स्प्रिंग दाबता येते तशीच कणाकणानं सैलही सोडता येते. तार मात्र कापावी लागते, आणि कापली की सगळा जोर एकदम सुटतो. त्याआधी पीळ सुटला तर सावध व्हायलाही वेळ मिळत नाही. तुटक्या स्प्रिंगवर तर तार बसतही नाही नीट. तुटका वेढा फिरतो आणि तार निसटते. वर तारेनं रंग खरवडला गेला की तिथे गंज धरतो, आणि गंजलेली स्प्रिंग पुन्हा तिथेच मोडते.

कॉम्प्रेसर आणला म्हणजे झालं, असंही नाही. हुकांची जोडी समोरासमोर लागली पाहिजे. एका बाजूला दोन-तीन फेरे, मग दुसऱ्या बाजूला तेवढेच. एकच बाजू आवळत गेलात तर स्प्रिंग धनुष्यासारखी वाकते आणि हुक सटकतो. आट्यांना ग्रीस हवं, आणि एअर गन लावायची नाही, हातानंच फिरवायचं. स्प्रिंग आपल्या बैठकीत हातानं फिरू लागली की थांबायचं, आणि त्यानंतरच मधल्या नटाला पाना लावायचा. या सगळ्या वेळात स्प्रिंगचं टोक कुणाच्याही अंगाकडे नको. शक्य असेल तिथे मी भिंतीला किंवा बाकाला पक्का बसवलेला कॉम्प्रेसरच पसंत करतो.

सांगलीकरांनी उजवी स्प्रिंग बदलायचं ठरवलं हे योग्यच, स्प्रिंगा जोडीनंच बदलाव्यात. पण ते काम कॉम्प्रेसर असलेल्या गॅरेजात करा, गाडी आत घेण्याआधी तो डोळ्यांनी बघून घ्या. आणि डाव्या स्प्रिंगवर तारेचा तुकडा राहिलेला दिसला, तर हात लावू नका, त्याच गॅरेजात तो दाखवा.