इंजिनाचा चुकलेला ठोका

जबलपूरची सर्वसामान्य ओळख भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांमुळे असली, तरी सैन्यातील वाहनचालकांना हे नाव निराळ्याच कारणाने ठाऊक आहे. १९०४ साली स्थापन झालेला तोफगाड्यांचा कारखाना आणि १९६९ साली उभा राहिलेला वाहन कारखाना, हे दोन्ही याच गावचे. निस्सान या जपानी कंपनीच्या परवान्याने येथे ‘जोंगा’ आणि ‘वन टन’ ही वाहने तयार होत. जोंगा हा शब्द म्हणजे ‘जबलपूर ऑर्डनन्स अँड गन कॅरेज असेंब्ली’ या नावाचा संक्षेप. वन टन म्हणजे पुढे चालकाची केबिन आणि मागे उघडा हौदा असलेला दणकट पिकअप. जोंगाचे उत्पादन १९९९ साली थांबले. परंतु सैन्याने लिलावात काढलेल्या गाड्या आजही खासगी मालकांनी जपलेल्या आढळतात. दोहोंचे इंजिन एकच : एका ओळीत सहा सिलिंडर, ३९५६ घन सेंटिमीटर आकारमान आणि इंधन पेट्रोल.

अशी गाडी एके दिवशी हिसके देऊ लागते, चढावर दम टाकते. गॅरेजच्या भाषेत याला ‘मिसिंग’ म्हणतात. मालक गोंधळतो, कोणी त्याला कार्ब्युरेटर बदलावयास सांगतो, कोणी कॉइल. जे वाहन बनणेच बंद झाले, त्याचा सुटा भाग शोधणे सोपे नसते, आणि बदललेला भाग निर्दोष होता असे मागाहून कळावे यासारखा व्यर्थ खर्च नाही. तरीही चालढकल परवडत नाही. कारण न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेल धुऊन टाकते आणि इंजिन आतून झिजू लागते.

सिलिंडरला तीन गोष्टी हव्यात : हवा-पेट्रोलचे योग्य मिश्रण, पुरेसा दाब आणि वेळेवर पडणारी ठिणगी. यांपैकी काय उणे आहे हे विचारण्यापूर्वी, सहांपैकी कोणता सिलिंडर मुका आहे हे विचारावे. इंजिन मिनिटाला सहाशे फेरे घेत असेल तर सेकंदाला तीस ठोके पडतात; एक सिलिंडर बंद पडला की त्यांतील पाच नाहीसे होतात. कानाला ते मोजता येत नाहीत, पण लंगडणाऱ्या माणसाच्या चालीसारखी एक नियमित उणीव ऐकू येते. उणीव नियमित असेल तर दोष बहुधा एकाच सिलिंडरचा. ती अनियमित असेल, तर सर्वांना सामायिक असलेले भाग, म्हणजे कॉइल, डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट, कंडेन्सर आणि पेट्रोलचा पुरवठा, प्रथम तपासावेत.

मुका सिलिंडर ओळखण्याची रीत जुनी आहे. इंजिन बंद करून एका प्लगची तार काढावी, तिचे टोक इंजिनाच्या धातूला पक्के टेकवावे आणि मग इंजिन सुरू करावे. चालता सिलिंडर बंद केल्यास आवाज अधिक बिघडतो. मुका सिलिंडर बंद केल्यास काहीच फरक पडत नाही. पेट्रोलचा वास येत असेल तर हा प्रयोग मुळीच करू नये, कारण या तारेत हजारो व्होल्टचा दाब असतो. संगणक आणि उत्प्रेरक असलेल्या नव्या गाड्यांना ही रीत लावू नये, हेही सांगितले पाहिजे.

सिलिंडर सापडला की त्याचा प्लग शेजारच्या चांगल्या सिलिंडरात बसवावा. दोष प्लगबरोबर गेला तर प्लग वाईट. तेथेच राहिला तर तारेची तीच अदलाबदल करावी. यात पैसा लागत नाही. काढलेल्या प्लगाचा रंगही बोलका असतो. फिकट तपकिरी टोक निरोगी, काजळीने काळे झालेले अतिपेट्रोलाचे किंवा अशक्त ठिणगीचे, तेलकट ओले टोक झिजलेल्या रिंगांचे.

पावसाळी सकाळी नेमके मिसिंग सुरू होत असेल आणि ऊन चढल्यावर थांबत असेल, तर डिस्ट्रिब्यूटरच्या टोपणाकडे पाहावे. दमट हवेत त्याच्या बारीक चिरेतून वीज वाट चुकते. काळोखात बॉनेट उघडून इंजिन चालविले, तर निळसर ठिणग्या तारांवरून पळताना डोळ्यांनी दिसतात.

दोन सिलिंडर एकदम बंद असतील तर विचाराला खरी गंमत येते. या इंजिनात ठिणगीचा क्रम १-५-३-६-२-४ असा आहे. एक आणि पाच टोपणावर शेजारी, पण इंजिनात दूर. ते दोघे गेले तर संशय टोपणावर. एक आणि दोन इंजिनात शेजारी, पण टोपणावर दूर; ते दोघे गेले तर त्यांच्यामधील हेड गॅसकेट जळल्याची शक्यता मोठी.

ठिणगी निर्दोष निघाली, तर इनटेक मॅनिफोल्डच्या जोडातून हवा शिरते काय ते पाहावे. असे मिसिंग सावकाश चालीत जाणवते आणि वेग वाढविल्यावर बहुधा लपते. एवढे करूनही उत्तर न मिळाल्यास दाब मोजावा. तो कमी भरला तर प्लगाच्या छिद्रातून चमचाभर तेल सोडून पुन्हा मोजावा. दाब वाढला तर रिंगा झिजल्या. न वाढल्यास व्हॉल्व्ह नीट बसत नाही. तरी हेड उतरविण्याआधी टॅपेटमधील अंतर फीलर गेजने तपासावे. अंतर फार कमी झाले असेल तर व्हॉल्व्ह पुरता मिटतच नाही. आणि तो अजून जळला नसेल, तर केवळ पाना व स्क्रू-ड्रायव्हर यांनी काम भागते.