सातबारा दाखवून आय-२० मिळत नाही

अमेरिकेतलं स्वस्त विद्यापीठ कोणतं, असं पालक मला विचारतात, तेव्हा मी आधी प्रश्नच बदलायला सांगते. फी किती, हे नंतर. ती कोण भरणार, हे आधी विचारा.

मी भोकरदनच्या कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवते. माझ्याकडे येणारे बहुतेक कपाशी, मका आणि मिरचीवाले. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीची पट्टी घेऊन तसेच तालुक्याला येतात, पिशवीत मुलाच्या गुणपत्रिका आणि शहरातल्या एखाद्या सल्ला केंद्राने दिलेली विद्यापीठांची छापील यादी. ‘मॅडम, यातलं सगळ्यात कमी फीचं सांगा.’ त्या यादीत बहुधा अशीच विद्यापीठं असतात, जी प्रवेशामागे एजंटाला कमिशन देतात. म्हणून यादी देणाऱ्याला तोंडावर विचारा, ‘तुम्हाला पैसे कोण देतं?’ हे विचारण्यात कसला संकोच?

छापील फी फसवी असते. समजा एका ठिकाणी वर्षाचा खर्च ८०,००० डॉलर आहे आणि विद्यापीठ ७५,००० देतं. दुसरीकडे खर्च ३०,००० आणि सवलत ३,०००. स्वस्त कोणतं, हे आमच्या आठवडी बाजारातली बाईही सांगेल. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट इथे पदवीच्या प्रवेशाचा निर्णय घेताना परदेशी मुलाची ऐपत बघत नाहीत, आणि निवड झाली तर घराला न झेपणारा खर्च विद्यापीठ उचलतं. निवड मात्र अतिशय कठीण. केंटकीतल्या बेरिया कॉलेजात कुणाकडूनच शिकवणी फी घेत नाहीत. प्रत्येक विद्यार्थ्याला आठवड्याला किमान १० तास कॉलेजातच काम करावं लागतं. तिथे परदेशी मुलांच्या जागा थोड्याच आहेत. टेक्सासमध्ये वेगळीच सोय आहे: सरकारी विद्यापीठाची किमान १,००० डॉलरची स्पर्धात्मक शिष्यवृत्ती मिळाली, तर बाहेरच्या विद्यार्थ्यालाही त्या राज्यातल्या रहिवाशाच्या दराने फी लागू शकते. म्हणजे हजाराच्या शिष्यवृत्तीने त्याहून कितीतरी जास्त वाचतात.

पण आमच्या भागातल्या मुलांसाठी खरी वाट मला वेगळीच दिसते. १८६२च्या मॉरिल कायद्याने अमेरिकेत राज्यांना जमिनी मिळाल्या आणि त्यांच्या उत्पन्नातून शेती व यंत्रविद्या शिकवणारी महाविद्यालयं उभी राहिली. आयोवा स्टेट, कॅन्सस स्टेट, टेक्सास ए अँड एम ही त्या परंपरेतली. तिथे कीटकशास्त्र, मृदाशास्त्र, बीजशास्त्र यांचे मोठे विभाग आहेत, आणि प्राध्यापकांना संशोधनासाठी हाताखाली माणसं लागतात. पीएचडीला, आणि अशा विषयांत कधी कधी मास्टर्सलाही, रिसर्च असिस्टंटशिप मिळते. आठवड्याला साधारण २० तास काम, शिकवणी फी माफ किंवा बरीच कमी, वर महिन्याला पगार. वर्ध्याचे पांडुरंग खानखोजे शंभराहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या अशाच कृषी महाविद्यालयांत शिकले आणि पुढे मेक्सिकोत नामवंत शेतीतज्ज्ञ झाले.

माझी एक विद्यार्थिनी परभणीच्या कृषी विद्यापीठात एमएस्सी करून याच वाटेने गेली. गुलाबी बोंडअळी तिने पुस्तकाआधी बापाच्या वावरात पाहिली होती. तिने प्राध्यापकांना लिहिलेली पत्रं मी वाचली आहेत. ‘मला तुमच्या विद्यापीठात शिकायची इच्छा आहे’ असं एकाही पत्रात नव्हतं. त्या प्राध्यापकाचा शोधनिबंध वाचून त्यातल्या एका निष्कर्षावर तिने आपल्या शेतातलं निरीक्षण मांडलं होतं. अशा पत्राला उत्तर येतं. मात्र २०२५पासून अमेरिकेत संशोधनाचा सरकारी निधी आटला आहे आणि काही विद्यापीठांनी पीएचडीच्या जागा कमी केल्या आहेत. म्हणून एकाच दारावर विसंबू नये.

दुसरं दार आपल्याच सरकारचं. १९१३ साली डॉ. आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोद्याच्या सयाजीराव महाराजांच्या शिष्यवृत्तीवर: महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षं. आज राज्य सरकारची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती अनुसूचित जातीच्या मुलांसाठी आहे आणि मराठा-कुणबी मुलांसाठीच्या ‘सारथी’ या संस्थेची शिष्यवृत्ती सयाजीरावांच्याच नावाने आहे. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपमध्ये अनुसूचित जाती, भटके-विमुक्त, भूमिहीन शेतमजूर आणि पारंपरिक कारागीर यांची मुलं येतात. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ८ लाख. अमेरिकेसाठी फीशिवाय वर्षाला १५,४०० डॉलर निर्वाहभत्ता मिळतो. या सगळ्यांत जागतिक क्रमवारीची अट असते, म्हणून अर्ज करण्याआधीच विद्यापीठाचं स्थान तपासायचं. फुलब्राइट-नेहरू मास्टर्स फेलोशिपला निदान तीन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो आणि शिकून परत यावं लागतं. टाटा एंडोमेंट १८९२पासून आहे, पण ते कर्ज आहे. फेडावं लागतं, हे आईवडिलांना नीट सांगा.

आता सातबारा. व्हिसासाठी लागणारा आय-२० हा कागद विद्यापीठ देतं, आणि त्याआधी पहिल्या वर्षाचा खर्च भागेल एवढे पैसे दाखवावे लागतात. तिथे बँकेतली रक्कम, मंजूर कर्जाचं पत्र, शिष्यवृत्तीचं पत्र चालतं. दहा एकर काळी जमीन चालत नाही. बहुतेक बँका शैक्षणिक कर्जाला शेतजमीन तारणही घेत नाहीत. मग घाईने जमीन विकली जाते, पडेल त्या भावाने. असिस्टंटशिपचं पत्र हाती असेल तर दाखवायची रक्कम तेवढी कमी होते. जमीन विकायची चर्चा त्या पत्राच्या आधी घरात होऊच देऊ नका, असं मी बायांना आवर्जून सांगते. सही मागायला शेवटी त्यांच्याकडेच येतात.

वेळेचं गणितही शेताशी जुळवता येतं. ऑगस्टच्या प्रवेशासाठी पीएचडीचे अर्ज आधीच्या डिसेंबरमध्येच बंद होऊ लागतात. म्हणजे पेरणीच्या दिवसांत, जूनमध्ये, प्राध्यापकांना पत्रं लिहायला घ्यायची. इंग्रजीची परीक्षा पोळ्याच्या सुमारास द्यायची. अर्जाची फी भरायची वेळ येते तेव्हा घरात कापसाचा पैसा आलेला असतो. तरी विद्यापीठाला फी माफ करायची विनंती करावीच, अनेक ठिकाणी ती मान्य होते. तीन वर्षांची बीएस्सी असेल तर ती चालते का, हे अर्जाआधी ईमेलने विचारून घ्यावं, कारण बरीच विद्यापीठं शाळेपासून एकूण १६ वर्षांचं शिक्षण मागतात. आणि अमेरिकी सरकारचं एज्युकेशन-यूएसए हे सल्ला केंद्र मुंबईत आहे. तिथे प्राथमिक मार्गदर्शनाला पैसे पडत नाहीत.