मॉरिशसमधला रविवार

परदेशी नोकरी करून परतलेल्या माणसाला आपल्याकडे दोनच प्रश्न विचारले जातात. पगार किती होता आणि जेवणाचे काय करीत होता? मॉरिशसमध्ये एका कापड कारखान्यात तीन वर्षे हिशेबनिसाची नोकरी करून मी जळगावला परतलो, तेव्हा मलाही हेच विचारले गेले. ‘रविवारी काय करीत होतास?’ असे मात्र कोणी विचारले नाही. त्या देशाची खरी ओळख मला या न विचारलेल्या प्रश्नातूनच झाली. म्हणून विद्यार्थी मित्रांसाठी ती येथे सांगावीशी वाटते.

प्रथम नकाशा उघडू. आपले जळगाव विषुववृत्ताच्या उत्तरेस सुमारे २१ अंशांवर आहे, तर मॉरिशस दक्षिणेस सुमारे २० अंशांवर. म्हणजे दोन्ही प्रदेश उष्ण कटिबंधातलेच. मुख्य बेटाचे क्षेत्रफळ सुमारे १,८६५ चौरस किलोमीटर, म्हणजे एकट्या जळगाव जिल्ह्याचा साधारण सहावा हिस्सा. आपली काळी माती ज्या ज्वालामुखीच्या खडकापासून झाली, तसाच काळा खडक तिकडेही आहे. उसाच्या शेतांतून मजुरांनी वेचून रचलेले काळ्या दगडांचे मोठाले ढीग आजही दिसतात. पण भुसावळचा मे महिना तिकडे नाही. समुद्रावरून येणारे वारे उष्मा फार वाढू देत नाहीत. ऋतू मात्र उलटे. मे महिन्यात तिकडे थंडीला सुरुवात होते आणि दिवाळी येते उन्हाळ्याच्या तोंडावर. त्याच उन्हाळ्यात चक्रीवादळांची भीती असते. वादळाच्या इशाऱ्याचे चार दर्जे आहेत. तिसरा इशारा लागला की कामकाज बंद, आणि माणसे दारे-खिडक्या लावून घरात.

कचेरीत कागदपत्र इंग्रजीत, वर्तमानपत्र फ्रेंचमध्ये आणि बोलणे क्रिओल भाषेत, असा तिथला व्यवहार. पहिले दोन महिने मी केवळ हसून वेळ मारून नेली. नाणे मात्र रुपयाच, आणि नोटेवर देवनागरी अक्षरे पाहून पहिल्या पगाराच्या दिवशी जीव सुखावला.

आता जेवणाविषयी. आई दर आठवड्याला दूरध्वनीवर अहिराणीत विचारी, “काय खाई ऱ्हायना रे भाऊ तठे?” मी सांगे, “डाळपुरी.” तिला वाटे, मुलगा रोज सण करतो! ही डाळपुरी म्हणजे पुरणपोळीची बिनगुळाची बहीण. पिवळी डाळ शिजवून, बारीक करून, हळद-जिरे घालून पोळीत भरतात आणि तव्यावर भाजतात. वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि मिरचीची चटणी घालून गुंडाळी करतात. विक्री नेहमी दोनाच्या जोडीने होते. सकाळी कामावर जाताना रस्त्याच्या कडेला तिच्यासाठी रांग लागते. त्या रांगेत हिंदू, मुसलमान, चिनी, क्रिओल सारेच उभे असतात. डाळ भरडून केलेल्या तिखट वड्याला ‘गातो पिमां’ असे फ्रेंच नाव आहे. लोण्याच्या पावात घालून तो खातात, पण चावला की आपला डाळवडाच.

नावे ऐकताना तर भाषाशास्त्राचा तास चालू आहे असे वाटे. पराठ्याचा झाला ‘फराता’, चटणीची ‘सातिनी’ आणि लोणच्याचे ‘आशार’. पाटा-वरवंट्याला तिकडे ‘रोश कारी’ म्हणतात, म्हणजे कालवणाचा दगड. शेवग्याचा पाला ते आवडीने खातात. वांग्याला ‘ब्रँझेल’ म्हणतात. एकदा मी वांगी भाजून, हिरवी मिरची व लसूण ठेचून भरीत केले. बामणोदच्या वांग्याची चव त्याला नव्हती आणि कळण्याची भाकरीही नव्हती. तरी खोलीतल्या चौघांनी पातेले पुसून खाल्ले.

हे शब्द आणि हे पदार्थ तिथे कसे पोहोचले? १८३४ च्या नोव्हेंबरात ‘अ‍ॅटलास’ नावाच्या जहाजातून ३६ हिंदी मजूर कराराने तेथे उतरले. गुलामगिरी बंद होत होती आणि उसाच्या मळ्यांना माणसे हवी होती. पुढील पाऊण शतकात सुमारे साडेचार लाख माणसे गेली. बिहारकडील सर्वांत जास्त, त्याखालोखाल तमिळ आणि तेलुगू. मुंबई बंदरातून रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, सावंतवाडीकडील मराठी माणसेही गेली. त्यांचे वंशज आज वाक्वा, कास्कावेल अशा गावांतून राहतात. मुलांना शाळेत मराठी शिकता येते आणि गणेश चतुर्थीला देशभर सार्वजनिक सुट्टी असते. माझ्या कचेरीतला एक सहकारी असाच मराठी. त्याच्या घरी गणपतीला गेलो, तेव्हा त्याच्या आजी आरती मराठीत म्हणत होत्या आणि “मोदक आणखी घे” हे मला क्रिओलमध्ये सांगत होत्या.

आणि आता रविवार. रविवारी सारा देश समुद्राकडे निघतो. शेजारीपाजारी मिळून बस ठरवतात. बिर्याणीचे पातेले, चटया, ढोलके बरोबर घेतात आणि फ्लिक आं फ्लाक किंवा बेल मारच्या किनाऱ्यावर सुरूच्या झाडांखाली दिवसभर बसतात. समुद्र पाहण्यासाठी आपल्याला रात्रभर रेल्वेत बसावे लागते. तिकडे बसने तासा-दीड तासात किनारा येतो. मीही पुष्कळ भटकलो. पांपलमूसच्या बागेतील परातीएवढी कमळपाने पाहिली, शामारेलची रंगीत माती पाहिली. महाशिवरात्रीला लाखो लोक ज्या डोंगरी तळ्यावर पायी जातात, ते गंगा तलावही पाहिले.

एका शनिवारी पोर्ट लुई येथील आप्रवासी घाटावर गेलो. मजूर उतरत ती ही जागा. २००६ साली युनेस्कोने तिला जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. धक्क्यावरून वर जाणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या तेथे जपल्या आहेत. तेथे जी माहिती मिळाली, ती ऐकून माझ्या सहलींची मला लाज वाटली. पुरुष मजुराला महिना ५ रुपये आणि तांदूळ, डाळ, मीठ, तेल असा शिधा मिळे. एक दिवस खाडा झाला तर दोन दिवसांची मजुरी कापत. रविवारी सकाळीही मळ्यावरची झाडलोट आणि जनावरांचे काम चुकत नसे. १८६७ च्या कायद्याने तर करार संपलेल्या मजुरालाही स्वतःचे छायाचित्र लावलेला परवाना जवळ बाळगणे भाग पडले. परवान्याविना दुसऱ्या भागात सापडला की भटक्या म्हणून अटक! म्हणजे ज्या किनाऱ्यावर मी चटई टाकून पडत होतो, तेथे विनापरवाना जाणे हा त्यांच्यासाठी गुन्हा होता. १८७१ मध्ये आडोल्फ द प्लेविट्झ नावाच्या युरोपियन गृहस्थाने नऊ हजारांवर मजुरांच्या सह्यांचा अर्ज सरकारकडे दिला. त्यानंतर चौकशी आयोग नेमला गेला आणि १८७५ मध्ये त्याचा अहवाल आला.

हा झाला इतिहास. पण सोमवारी कारखान्यात गेलो, तेव्हा शिलाई विभागाकडे मी वेगळ्या नजरेने पाहिले. तेथे बांगलादेश, मादागास्कर आणि आपल्या देशातीलही कामगार होते. त्यांच्या कामाचा परवाना मालकाच्या नावाशी बांधलेला असतो, त्यामुळे नोकरी बदलणे सोपे नाही. आमच्याकडे वसतिगृहाचे फाटक रात्री ठरलेल्या वेळी बंद होई. बरेचजण रविवारीही जादा काम मागून घेत, कारण येताना दलालाला दिलेले कर्ज फेडायचे होते. ज्यांना सुट्टी मिळे ते कपडे धूत, झोपत आणि घरी बोलत. तीन वर्षांत समुद्र एकदाच पाहिलेला एक तरुण मला माहीत आहे, आणि बेट एवढेसे, की समुद्र कोठूनही फार दूर नाही. त्याच्या पगाराचा हिशेब मीच लिहीत होतो.

परतल्यावर दिवाळीनंतर साक्रीच्या रस्त्याने जात होतो. माणसे, भांडी, कोंबड्या आणि लहान मुले एकत्र भरलेले ट्रक समोरून आले. आपल्या धुळे-नंदुरबारकडील जोडपी ऊसतोडीसाठी गुजरातकडे निघाली होती. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. मुकादमाकडून उचल घेतलेली असते आणि ती फिटेपर्यंत हंगाम सोडता येत नाही. तोडीला रविवार नसतो. पीक तेच, उसाचे.

पूर्वी मी हे ट्रक शेकडो वेळा पाहिले असतील. त्यातल्या कोणाला ‘तिकडे जेवता काय, आणि सुट्टी कधी असते?’ असे विचारावे, हे सुचायला मला समुद्र ओलांडून जावे लागले. आपल्या वर्गातही त्या घरांतून आलेली मुले-मुली आहेत. वसतिगृहाच्या पंगतीत त्यांच्या शेजारी बसाल, तेव्हा हे दोन प्रश्न जरूर विचारा.