ताळा कोणीं पाहावा?

पेढीवर जमाखर्च लिहिणारा व ताळा पाहणारा एकच असला, कीं चूक बिनबोभाट खपते. नेटवर्क कार्डाचेंहि तसेंच आहे. जाळ्यावरील प्रत्येक टीसीपी पाकिटांत ताळ्यासाठीं १६ बिटांची बेरीज असते. ती मांडण्याचें काम कार्डावर सोंपविलें, म्हणजे प्रोसेसरचा भार हलका होतो. परंतु कार्डाच्या वा त्याच्या ड्रायव्हरच्या दोषानें मजकूर आधींच बिघडला, तर बेरीज बिघडलेल्या मजकुराचीच होते. घेणाऱ्याचा ताळा जमतो आणि खोटी फाइल खरी म्हणून जपली जाते.

असा संशय येतांच लिनक्सवर ‘ईथटूल’ या आज्ञेनें ही सोंपवणूक थांबवावी. मग बेरीज प्रोसेसर करतो. वाटेंत बिघडलेलें पाकीट घेणारा टाकून देतो व तें पुन्हा पाठविलें जातें. निर्दोष ड्रायव्हर मिळेपर्यंत वेग थोडा कमी झाला तरी चालेल. दस्तऐवज मात्र शाबूत राहतो.