बोडो कवितेत वादळ माहेरी का जाते?

आसाममधील बोडो भाषा १९७५पासून देवनागरीत लिहिली जाते. म्हणजे अक्षरे मराठी वाचकाच्या ओळखीची. तरीही आजची बोडो कविता समजून घ्यायची तर काही लोककथा ठाऊक हव्यात.

सिजौ म्हणजे काय?
निवडुंगासारखे काटेरी झाड. बाथौ धर्म मानणारे ते अंगणात लावतात, भोवती बांबूचे कुंपण घालतात. त्याच्या पाच कडा म्हणजे पाच तत्त्वे. स्वतंत्र राज्याच्या आंदोलनाच्या काळात हिंसाचाराने अनेकांना घरे सोडावी लागली. त्यामुळे कवितेत ओसाड अंगणातला सिजौ दिसला, की तो केवळ झाड राहत नाही. घर आणि देव दोन्ही मागे राहिल्याची ती खूण ठरते.

बारदैसिख्ला कोण?
वारा आणि पाण्याची तरुणी. वसंतातले वादळ म्हणजे माहेरी निघालेली हीच सासुरवाशीण, अशी समजूत आहे. या एका प्रतिमेत ओढही मावते आणि रागही.

महत्त्व कशाचे?
बोडो साहित्य सभा १९५२ची. आठव्या अनुसूचीत समावेश २००३च्या घटनादुरुस्तीने. २००५चा बोडोतील पहिला साहित्य अकादमी पुरस्कार मंगलसिंग हाजोवारी यांच्या कवितेला मिळाला. छापील परंपरा अशी तरुण आहे. खेराई पूजेतली गाणी, आजीच्या गोष्टी हेच कवीचे जुने ग्रंथालय. ते विसरले गेले, तर कवितेतले वादळ नुसते हवामान उरेल.