तार नाही, गज नाही, तरी व्हायोलिन!

हल्ली घरोघरी एक गंमत पाहावयास मिळते. सकाळी मुलगी रियाजाला बसते, समोर मोबाईल ठेवते आणि त्यातून तंबोरा झंकारू लागतो. भोपळा नाही, खुंट्या नाहीत, तारा जुळवण्याची कटकट नाही. आईला त्यात काही वावगे वाटत नाही. आजीला मात्र वाटते. "तंबोरा कसला, मेली भुणभुण!" असे म्हणून ती माळ ओढू लागते. हे भांडण पूर्वी सकाळच्या चहाबरोबर संपले असते. आता तसे राहिलेले नाही, कारण तंबोऱ्यापाठोपाठ व्हायोलिन, चेलो, क्लॅरिनेट असा अख्खा वाद्यवृंदच यंत्राच्या पोटात जाऊन बसला आहे, आणि तिथून तो चांगला वाजतोही आहे.

गेल्या मे महिन्यात माझा पुतण्या मुंबईहून वालावलला आला होता. एका नाटकाचे पार्श्वसंगीत त्याने अंगावर घेतले होते. आमच्या घराच्या पडवीत बसून त्याने लॅपटॉप उघडला, तोंडात पेनाएवढी एक नळी धरली, बोटे पट्ट्यांवर ठेवली, आणि व्हायोलिनचा असा एक लांब सूर काढला की घरातली कामे थांबली.

"कोणाचे रेकॉर्डिंग रे हे?" मी विचारले.

"कोणाचेच नाही, काका. हे व्हायोलिन कुठल्या सुताराने बनवलेलेच नाही. हे नुसते गणित आहे."

वाचकहो, यंत्रातून वाद्य काढण्याच्या दोन रीती आहेत. पहिली म्हणजे सॅम्पलिंग. खऱ्या वादकाकडून एकेक स्वर, हळू, जोरात, तुटक, लांबवून असा वाजवून घ्यायचा, साठवायचा आणि हवा तेव्हा बाहेर काढायचा. ही रीत आल्बमातल्या छायाचित्रांसारखी. प्रत्येक चित्र हुबेहूब, पण एका चित्रातून दुसऱ्यात माणूस चालत जात नाही. दुसऱ्या रीतीला फिजिकल मॉडेलिंग म्हणतात. इथे आवाज साठवलेला नसतोच. तार किती लांब, किती ताणलेली, गजाचा दाब किती, लाकडी पोट कसे घुमते, हे समीकरणांत मांडायचे आणि संगणकाने ते त्या क्षणी सोडवून आवाज निर्माण करायचा.

ही दुसरी रीत किती साध्या युक्तीतून पुढे आली, ते ऐकण्याजोगे आहे. १९८३ साली केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग या दोघांनी छेडलेल्या तारेचा आवाज काढण्याची एक कृती प्रसिद्ध केली. संगणकाच्या स्मृतीत शंभरेक खाने घ्यायचे, त्यांत वाटेल ते आकडे भरायचे आणि ते रहाटगाडग्यासारखे फिरवत ऐकायचे. प्रत्येक फेरीत दर आकड्याच्या जागी त्याची व शेजाऱ्याची सरासरी ठेवायची. बस्स! सेकंदाला ४४,१०० आकडे या वेगाने शंभर खाने फिरले की सुमारे ४४० कंपनांचा स्वर मिळतो. आणि सरासरीमुळे तीक्ष्ण अंश आधी विरतात, खऱ्या तारेत विरतात तसेच. पुढे स्टॅनफर्ड विद्यापीठात ज्युलियस स्मिथ यांनी ही कल्पना तारांपासून फुंकवाद्यांपर्यंत विस्तारली. १९९४ साली यामाहा कंपनीने तिच्या आधारे एक वाद्य विक्रीस आणले. ते एका वेळी फार तर दोनच स्वर काढी. आज साधा लॅपटॉप त्याहून कितीतरी अधिक ओझे वाहतो.

पण गणिताने सगळेच सहज वश होते असे नाही. व्हायोलिनच्या गजाला राळ लावलेली असते. म्हणून तार गजाला चिकटते, सुटते, पुन्हा चिकटते, आणि हे सेकंदात शेकडो वेळा घडते. आपला तंबोरा तर दिसायला भोळा आणि आतून भलताच गहन. चार तारा, त्याही बोटांनी दाबायच्या नाहीत. पण घोडीचा पसरट उतार आणि तिच्यावर तारेखाली सरकवलेले सूत यांतून जी जवारी उठते, तिने चंद्रशेखर वेंकट रामन यांनाही मोह घातला. तार जिथे छेडावी, तिथे ज्यांचा स्थिर बिंदू असतो ते उपस्वर उमटू नयेत, असा पाश्चात्त्य शास्त्राचा नियम. आपल्या तंबोऱ्यात आणि वीणेत ते खुशाल उमटतात, हे रामन यांनी १९२१ साली दाखवून दिले. त्या तंबोऱ्याचे गणिती प्रतिरूप बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये मांडले, म्हणजे मध्ये पंच्याण्णव वर्षे गेली. मिरजेचे कारागीर मात्र पिढ्यान्‌पिढ्या कानसेने घाशीत, सूत पुढेमागे सरकवीत तीच जवारी नुसत्या कानाने काढत आले आहेत. २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले, तो या कानांचाच मान.

त्या संध्याकाळी आमच्या पडवीवर शेजारचे मृदंगवाले आबा येऊन टेकले. उभा जन्म दशावताराच्या साथीत गेलेला. पुतण्याने त्यांना यंत्रातला पखवाज ऐकवला. आबांनी डोळे मिटून ऐकले. शाईचा नाद, कणकेची घुमी, सगळे जागच्या जागी होते.

"आवाज बरो आसा रे," ते म्हणाले, "पण वाजवणारो खंय बघता?"

पुतण्याला प्रश्न कळला नाही. मला कळला. दशावतारात लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली असते. बोलणे रंगमंचावर सुचेल तसे. पायपेटी, मृदंग आणि झांज एवढीच साथ. राक्षस कधी पाऊल आपटील, शंकासुर कधी लोकांना हसवायला थांबेल, हे मृदंगवाल्याला नटाच्या खांद्यावरून ओळखावे लागते. त्याचे निम्मे वादन डोळ्यांत असते.

हा विचार पुतण्यालाही पटला. उलट त्याने तो पुढे नेला. "काका, म्हणून तर ही नळी. श्वास कमीजास्त केला नाही, तर हे गणिताचे व्हायोलिन मेल्यासारखे वाजते. सॅम्पलिंगमध्ये वादकाचा जीव थोडा तरी साठवलेला असतो. यात तो प्रत्येक सुराला मला घालावा लागतो."

म्हणजे यंत्र जितके खरे, तितका वाजवणारा अधिक लागतो! हे ऐकून बरे वाटले; पण किती वाजवणारे लागतात, हा प्रश्न उरतोच, आणि तो पोटाचा आहे. मुंबईच्या चित्रपटसंगीतात एके काळी मोठमोठे वाद्यवृंद बसत आणि त्यांत गोव्याचे वादक फार. चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकून ही माणसे आली. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे त्यांतलेच. प्यारेलाल यांचे ते व्हायोलिनचे गुरू. १९७७ च्या 'अमर अकबर अँथनी'त नायक गाण्यात जे नाव सांगतो, ते या गुरूचे. पुढे सिंथेसायझर आले, संगणक आला आणि १९९० च्या दशकात ते भरलेले स्टुडिओ रिकामे होत गेले. तेव्हाची यंत्रे तर आजच्याइतकी हुबेहूबही नव्हती. वादकांच्या जागा नकलेच्या अस्सलपणाने गेल्या नाहीत, स्वस्ताईने गेल्या.

मी यंत्रांचा वैरी नाही. पेटी तरी कुठे आपली होती? ती युरोपातून आली, तिला मींड जमेना, म्हणून १९४० साली नभोवाणीने तिला दाराबाहेर ठेवले आणि ती बंदी १९७१ पर्यंत सैल झाली नाही. इकडे कोकणात मात्र ती पायपेटी म्हणून रुळली आणि आज तिच्यावाचून दशावतार सुना वाटतो. परके वाद्य आपले होते; मात्र ते आपले करायला तिच्यामागे एक माणूस बसावा लागला.

पुतण्याने शेवटी काय केले, ते सांगतो. नाटकाच्या तुटपुंज्या पैशांत व्हायोलिनचा ताफा बोलावणे शक्यच नव्हते, म्हणून ती यंत्राचीच ठेवली. तालमीत नटांबरोबर बसायला मात्र एक पखवाजी मुंबईत शोधला आणि त्याची बिदागी स्वतःच्या मानधनातून दिली. नळी फुंकण्याचा रियाज तो अजून रोज तासभर करतो, असे त्याची आई सांगते.

आता त्रिपुरी पौर्णिमेनंतर आमच्याकडे जत्रा सुरू होतील आणि रात्रभर खेळ रंगतील. आबांचे हात आता थरथरतात. या वर्षी साथीला त्यांचा नातू बसणार आहे. नातवाच्या खिशात मोबाईल असतो आणि मोबाईलमध्ये पखवाजही आहे. आबांनी त्याला तो वापरायला मनाई केलेली नाही. फक्त मृदंगावर बसताना नटाकडे तोंड करून बस, एवढे बजावले आहे.