बर्फ रोज नवा असतो

कोकणात, देशावर किंवा विदर्भात वाढलेल्या मुलाला बर्फ म्हटले की आठवतो तो उसाच्या रसातला नाहीतर गोळेवाल्याच्या गाडीवरचा. कारखान्यातल्या लादीलाही आपण बर्फ म्हणतो आणि आकाशातून पडणाऱ्या हिमालाही बर्फच. काश्मिरीत मात्र आकाशातून पडणाऱ्या बर्फाला ‘शीन’ असा वेगळा शब्द आहे. काही वर्षांपूर्वी मी दोन आठवडे गुलमर्गला स्कीइंग शिकायला गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी हा शब्द कानांवर पडला. परत निघेपर्यंत एवढे समजले होते, की त्या एका शब्दातही अनेक प्रकारचे बर्फ दडलेले आहेत आणि ते ओळखण्यातच या खेळाची निम्मी मजा आहे.

हिवाळ्याच्या सुट्टीत स्की शिकायला जाऊ इच्छिणाऱ्या कॅडेट मित्रांसाठी, आणि मुलाला किंवा मुलीला पाठवावे की नाही या विचारात असलेल्या पालकांसाठी हा लेख.

गुलमर्गची हवा

गुलमर्ग सुमारे २,६५० मीटर उंचीवर आहे. तिथून गंडोला, म्हणजे तारेवरून चालणारी पाळण्यांची गाडी, दोन टप्प्यांत वर जाते: आधी कोंगदूरी, मग अफरवत पर्वताचा खांदा. हा खांदा जवळजवळ ३,९५० मीटर उंच आहे. हवा दर हजार मीटरला साधारण साडेसहा अंश सेल्सिअसने थंड होते, हे आपण भूगोलात शिकतो. त्या हिशेबाने खालून वर जाईपर्यंत तापमानात आठेक अंशांचा फरक पडतो. खाली चिखल आणि रिमझिम असताना वर कोरडा बर्फ पडत असतो, तो यामुळेच.

इथला हिवाळी बर्फ आणतात ते पश्चिमी विक्षोभ. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेले हे कमी दाबाचे पट्टे इराण-अफगाणिस्तान ओलांडून हिमालयाला धडकतात. एक पट्टा येतो, दोन-तीन दिवस बर्फ टाकतो आणि निघून जातो. मग निळेशार आकाश, आणि पुन्हा पुढचा पट्टा. २१ डिसेंबरपासूनच्या चाळीस दिवसांच्या कडाक्याला काश्मिरी लोक ‘चिल्लई कलान’ म्हणतात. पण विक्षोभ वेळापत्रक पाळत नाहीत. फेब्रुवारी २०२५ मध्ये पुरेसा बर्फ नसल्यामुळे गुलमर्गमधील खेलो इंडिया हिवाळी क्रीडा स्पर्धा पुढे ढकलाव्या लागल्या होत्या.

आपल्या लष्कराने हे ठिकाण फार लवकर हेरले. १९४८ मध्ये जनरल थिमय्या यांच्या पुढाकाराने इथे १९ इन्फन्ट्री डिव्हिजनची स्की शाळा सुरू झाली. तिचेच पुढे हाय अल्टिट्यूड वॉरफेअर स्कूल झाले. उत्तराखंडात औली येथे भारत-तिबेट सीमा पोलीस दलाची गिर्यारोहण व स्कीइंग संस्था आहे. आपल्यासारख्या देशात स्की हा खेळाच्या आधी सीमेवर चालण्याचा एक मार्ग होता, हे लक्षात ठेवावे.

पट्ट्या घसरतात कशा?

साठ किलो वजनाचा कॅडेट बूट घालून ताज्या बर्फात उभा राहिला, तर गुडघ्यापर्यंत रुततो. तेच वजन दोन स्कींवर पसरले की दर चौरस सेंटिमीटरवरचा भार चार-पाच पटींनी कमी होतो आणि तो वरच तरंगतो. घसरताना घर्षणाच्या उष्णतेने स्कीखाली पाण्याचा अतिशय पातळ थर तयार होतो आणि तोच वंगणाचे काम करतो. म्हणून फार कडक थंडीत बर्फ उलट वाळूसारखा अडतो. तिथे थंड बर्फासाठीचे वेगळे मेण स्कीच्या तळाला लावावे लागते.

पहिले तीन दिवस आम्ही पडायला आणि उठायला शिकलो. पडायचे ते बाजूला, नितंबावर. उठताना दोन्ही स्की उताराला आडव्या करायच्या, नाहीतर उठता उठताच स्वारी पुन्हा खाली. मग स्नो-प्लाऊ: स्कींची पुढची टोके जवळ, मागची लांब, उलट्या ‘व्ही’सारखी. आतल्या कडा बर्फात रुतवल्या की वेग कमी होतो, आणि एका पायावर जास्त भार दिला की वळण मिळते. मजा म्हणजे, वळण हवे डावीकडे तर भार द्यायचा उजव्या पायावर. घाबरलेला माणूस मागे रेलतो. मागे रेलला, की स्कींची टोके हलकी होतात, ताबा जातो आणि वेग वाढतो. पुढे झुकायचे आणि दरीकडे बघायचे, हे मनाला पटायला मला चार दिवस लागले. पाचव्या दिवशी एकामागून एक सहा वळणे न पडता जमली. कानांत वारा, पायांखाली बारीक सळसळ, बाकी सगळे शांत. तळाशी थांबलो तेव्हा मी एकटाच मोठ्याने हसत होतो.

बर्फ वाचायला शिका

ताजा, कोरडा बर्फ पिठासारखा असतो. त्यात पडले तरी लागत नाही, मात्र उठताना दमछाक होते. एक-दोन दिवसांत ऊन लागते, वरचा थर वितळतो आणि रात्री गोठून पापुद्रा धरतो. स्की तो फोडून आत गेली, की वळण चुकलेच. हिवाळा सरताना रात्री टणक आणि उन्हात सैल होणारा दाणेदार बर्फ मिळतो. तो सकाळी दगडासारखा, दुपारी पेजेसारखा आणि मधल्या तासाभरात लोण्यासारखा असतो. तो तास साधण्यासाठी उस्ताद आम्हाला ताटकळत ठेवत.

ढग उतरले, की सावल्या नाहीशा होतात. उतार, खड्डा, आकाश सगळे एकाच पांढऱ्या रंगाचे. आपण थांबलो आहोत की चाललो आहोत, हेही कळेनासे होते. अशा वेळी पिवळ्या-नारिंगी काचेचा चष्मा थोडी मदत करतो. खरा उपाय एकच: वेग कमी करा आणि पुढच्या माणसाला नजरेआड होऊ देऊ नका.

परत फिरण्याची गोष्ट

दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस बर्फ पडला. चौथ्या दिवशी लख्ख ऊन. वरच्या उतारावर जायला मिळणार म्हणून आम्ही पहाटेच तयार होतो. कोंगदूरीच्या वर थोडे चालून गेल्यावर उस्ताद थांबले. पायाखालून ‘धप्प’ असा दबका आवाज आला होता आणि पुढे बर्फात एक लांब चीर गेली होती. त्यांनी कड्यावरून वाऱ्याने उडणारा बर्फ पाहिला आणि म्हणाले, “आज नाही.” आम्ही चिडलो. एवढे ऊन, एवढा बर्फ, आणि दोनच दिवस हातात!

त्या रात्री त्यांनी कारण समजावले. बर्फ थराथरांनी साचतो. खालचा एखादा थर कमकुवत असतो आणि त्यावर नव्या बर्फाचे ओझे पडते. वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्याच्या आडोशाला टाकतो, तिथे हे ओझे आणखी वाढते. तीस ते पंचेचाळीस अंशांचा उतार सर्वांत धोक्याचा, आणि स्कीसाठी नेमका तोच मोहात पाडणारा. ‘धप्प’ आवाज म्हणजे खालचा थर बसल्याची खूण. मोठ्या हिमवर्षावानंतरचा पहिला एक-दोन दिवसांचा काळ जास्त जोखमीचा असतो. गाडल्या गेलेल्यांपैकी जे पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले जातात, त्यांतले बहुतेक वाचतात. त्यानंतर आशा झपाट्याने मावळते. म्हणून वरच्या उतारावर जाणाऱ्या प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर, प्रोब आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सराव हवा.

८ फेब्रुवारी २०१० रोजी गुलमर्गजवळच खिलनमर्गला प्रशिक्षण घेणाऱ्या लष्कराच्या तुकडीवर हिमस्खलन झाले आणि १७ जवान गेले. डोंगर गणवेश पाहत नाही.

आम्ही परत फिरलो त्या दिवशी तिथे कुठेही हिमस्खलन झाले नाही. मग उस्तादांचा निर्णय बरोबर होता का? हा प्रश्न मी त्यांना विचारला. ते म्हणाले, “बरोबर होता की नाही, हे कळायला वर जावे लागले असते.” पुढे नेतृत्व करणाऱ्या प्रत्येक कॅडेटने यावर विचार करावा. परत फिरण्याच्या निर्णयाला पदक मिळत नाही, आणि तो बरोबर होता हे बहुतेक वेळा सिद्धही होत नाही. तरी तो घ्यावाच लागतो.

निघण्यापूर्वी

कपडे तीन थरांत घाला: आत घाम शोषून बाहेर टाकणारा, मध्ये लोकरीचा किंवा फ्लीसचा, बाहेर वारा अडवणारा. सुती बनियन नको. ते घामाने भिजते आणि थांबताच अंग गारठवते. उणे दहा अंशांत ताशी तीस किलोमीटर वारा असेल, तर त्वचेला उणे वीसची थंडी जाणवते. वारा पडलेला असला तरी त्याच वेगाने घसरताना तो वारा आपणच तयार करत असतो. ताजा बर्फ बहुतांश सूर्यप्रकाश परत फेकतो, म्हणून चष्मा आणि मलम ढगाळ दिवशीही हवेच. हेल्मेट घाला. पोहोचल्यावर पहिला दिवस हळू घ्या. डोके दुखले, मळमळ झाली, तर लपवू नका.

पालकांनी प्रशिक्षण संस्थेला फी आणि जेवण याबरोबर आणखी एक विचारावे: हवा बिघडली, तर तुम्ही काय करता? उत्तर लगेच आणि स्पष्ट मिळाले, तर मुलाला खुशाल पाठवा.

काश्मीरचा आरिफ खान याच गुलमर्गच्या उतारांवर स्की शिकला आणि २०२२ च्या बीजिंग हिवाळी ऑलिंपिकमध्ये भारताचा एकमेव खेळाडू म्हणून उतरला. आपल्यातले सगळे तिथे पोहोचणार नाहीत. पण शेवटच्या दिवशी, वरचा उतार न मिळाल्याची खंत मनात ठेवून आम्ही खालच्या सोप्या उतारावर गेलो. देवदारांमधून कोवळे ऊन येत होते आणि रात्रीच्या भुरभुरीने कालच्या सगळ्या खुणा पुसल्या होत्या. आमच्यातला सर्वांत भित्रा मुलगा त्या दिवशी पहिल्यांदा वरपासून खालपर्यंत न पडता आला. खाली पोहोचताच त्याने मागे वळून आपल्या दोन नागमोडी रेघा पाहिल्या आणि काही न बोलता स्की खांद्यावर टाकून पुन्हा वर चालू लागला.